परंपरेच्या भांड्याला संशोधनाची कल्हई

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला 'मुलाला लिव्हर झाले' हे शब्द आजही चांगलेच आठवत असतील. दीड-दोन वर्षांचे, तोवर अंगाने बरे असलेले मूल एकाएकी किरकिरे होई. त्याचे पोट वाढू लागे, उजव्या बरगडीखाली यकृत दगडासारखे टणक हाताला लागे. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि काही महिन्यांत शेवट. एका घरातले एक मूल गेले की पाठचे भावंडही पुष्कळदा त्याच वाटेने जाई. मग नवस, अंगारे, दृष्ट, पत्रिकेतले दोष, सुनेच्या पायगुणाची चर्चा असे सारे होई. मूल मात्र परत येत नसे.

वैद्यकीय ग्रंथांत या रोगाला आपल्या देशाचेच नाव मिळाले होते : 'इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस'. १८८७ मध्ये कलकत्त्यातील डॉ. सेन यांनी त्याचे वर्णन केले आणि त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे त्याचे कारण कोणाला नीट सांगता आले नाही. आज तरुण बालरोगतज्ज्ञांना हा रोग बहुधा पुस्तकातच भेटतो. एक रोग देशातून जवळपास नाहीसा झाला; पण त्याचा ना उत्सव झाला, ना त्यामागे खपलेल्या संशोधकांची नावे घरोघरी पोहोचली. क्रिकेटच्या एका विजयावर आठवडाभर नाचणाऱ्या समाजाने याचा विचार करायला हवा. कारण या कथेत केवळ एका रोगाचा इतिहास नाही. परंपरा, विज्ञान आणि स्वदेशी यांचे नाते कसे असावे, याचा एक धडाच तिच्यात दडलेला आहे.

पुण्यात सापडलेले उत्तर

हा रोग विचित्र होता. तो मुख्यतः हिंदू घरांत, खेड्यांत आणि लहान गावांत, खाऊनपिऊन सुखी अशा मध्यमवर्गीय कुटुंबांत आढळे. म्हणजे उपासमार हे त्याचे कारण म्हणता येईना. कोणी आनुवंशिकतेकडे बोट दाखवले, कोणी विषाणूकडे, कोणी धान्यावरील बुरशीच्या विषाकडे. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तपासाला नवी दिशा दिली. या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचे प्रमाण निरोगी यकृताच्या कितीतरी पट अधिक आढळले. सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट रंग वापरून यकृतपेशींत साठलेले हे तांबे दाखवता येऊ लागले. पण प्रश्न उरलाच : रांगत्या मुलाच्या पोटात एवढे तांबे येते कोठून?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि त्यांच्यासह काम करणारे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचा माग घेतला. त्यासाठी प्रयोगशाळेइतकेच महत्त्व होते ते मातांशी बोलण्याला. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? गाईचे की म्हशीचे? ते कशात तापवले, कशात ठेवले? उत्तरांतून एक चित्र उभे राहू लागले. आजारी मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू झालेले होते आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवले जात होते. दुधातील केसीन नावाचे प्रथिन भांड्यातील तांबे ओढून घेते, हेही दिसून आले. १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष मांडले गेले. १९८७ मध्ये आजारी व निरोगी मुलांच्या आहाराच्या इतिहासाची तुलना प्रसिद्ध झाली आणि तिने या संशयाला बळकटी दिली.

कारण कळल्यावर यकृताची बाजूही उलगडली. शरीरातील जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकणे हे यकृताचे काम. तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा अधिक असतो आणि ते बाहेर टाकण्याची व्यवस्था अजून पुरती विकसित झालेली नसते. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते, त्यामुळे निसर्गाची योजना बिघडत नाही. पण कळकलेले दूध रोज पोटात जाऊ लागले की तो भार यकृताला झेपत नाही. पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध रोग फार पुढे जाण्यापूर्वी दिल्यास काही मुले वाचतात, हेही याच संशोधकांनी दाखवले. खरा उपाय मात्र त्याहून साधा निघाला : बाळाला आईचे दूध द्या आणि वरच्या दुधाचे भांडे बदला. स्टीलची भांडी घराघरांत पोहोचली, डॉक्टरांनी मातांना सावध केले आणि रोग ओसरत गेला.

अपमान की उपकार?

यावर एखाद्याच्या मनात सहज येईल, 'तांब्या-पितळेची भांडी तर आपल्या संस्कृतीचे लेणे! त्यांच्यावर ठपका ठेवणारे हे संशोधन म्हणजे पाश्चात्त्यांचा आणखी एक डाव तर नव्हे?' या शंकेचे उत्तर युरोपातूनच मिळाले. ऑस्ट्रियातील टिरोल या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतविकाराने १३८ बालके दगावल्याची नोंद पुढे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथेही बाळांसाठी दूध व पीठ कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात शिजवले जात होते. भांडी बदलली आणि रोग गेला. म्हणजे दोष हिंदूंच्या स्वयंपाकघराचा नव्हता, धातूच्या गुणधर्माचा होता. तांब्याला धर्म नसतो आणि यकृतालाही नसतो. तांबे हेच एकमेव कारण की जोडीला एखादा आनुवंशिक कमकुवतपणाही, याविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. सर्वच पितळी भांड्यांतले दूध पिणारी मुले आजारी पडत नव्हती, हेही खरे. पण भांडे बदलण्यासाठी त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नव्हती.

अधिक विचार केला तर असे दिसते की, परंपरेला या धोक्याची जाण अजिबात नव्हती असे नाही. ताक, कढी, चिंचेचे सार पितळी भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे प्रत्येक आजीला ठाऊक होते. म्हणून तर कल्हईवाला गल्लीतून हाक देत फिरे आणि नवसागराच्या धुरात पातेल्यांना कथलाचा पांढरा लेप चढे. आंबट पदार्थ कळकल्याचे जिभेला कळते, दुधाचे कळत नाही. जिभेला जे कळले ते परंपरेने जपले. जिभेला कळले नाही ते प्रयोगशाळेने सांगितले. येथे परंपरा आणि विज्ञान एकमेकांचे शत्रू नाहीत. एकाने अर्धी वाट चालून ठेवली, दुसऱ्याने उरलेली पूर्ण केली.

ही दृष्टी भारतीय वैद्यकाला परकीही नाही. चरकसंहितेत परीक्षेची चार साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती. पूर्वसूरींचे वचन हे त्यांतील एक साधन आहे, एकमेव नव्हे. याच चरकाने पांडुरोगाच्या प्रकरणात कामलेचे, म्हणजे काविळीचे, विवेचन केले आणि यकृत व प्लीहा यांचा रक्ताशी असलेला संबंध प्राचीन आचार्यांनी ओळखला. ज्यांनी आप्तवचनाच्या शेजारी प्रत्यक्षाला आसन दिले, त्यांचे नाव घेऊन प्रत्यक्षाकडे पाठ फिरवणे हा त्या आचार्यांचा गौरव नव्हे.

आपले रोग, आपलीच जबाबदारी

दुसरे उदाहरण मोठ्यांच्या काविळीचे. डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात राजधानी दिल्लीत काविळीची भयंकर साथ आली. यमुनेतून पाणी उचलण्याच्या ठिकाणी शहराचे सांडपाणी मिसळले होते. पाण्यात क्लोरीन टाकले गेले, त्यामुळे विषमज्वराची साथ टळली. पण काविळीचा विषाणू त्याला पुरून उरला. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली आणि गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विशेष होते. ही साथ हिपॅटायटिस 'ए'ची, असे त्या वेळी जगाने मानले आणि पुस्तकांत तसे लिहिले गेले.

हे मत भारतीय संशोधनाने बदलले. काश्मीरमध्ये १९७८-७९ साली काविळीची साथ आली, तेव्हा डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला आणि ही कावीळ ज्ञात विषाणूंपैकी कोणाचीच नाही, असा निष्कर्ष १९८० मध्ये मांडला. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञ आणि अमेरिकी संशोधक यांनी दिल्लीच्या साथीतील जपून ठेवलेले रक्तद्रवाचे नमुने तपासले. तीही साथ 'ए'ची नव्हती, असे सिद्ध झाले. पुढे या विषाणूला हिपॅटायटिस 'ई' हे नाव मिळाले. पंचवीस वर्षे कोणीतरी ते नमुने सांभाळून ठेवले नसते, तर हे उत्तर मिळालेच नसते. संशोधन म्हणजे क्षणात लागणारा दिवा नव्हे, पिढ्यान् पिढ्या राखलेला अग्नी आहे.

हिपॅटायटिस 'ई' गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला, तर शंभरांतील वीस ते पंचवीस माता दगावू शकतात. यावर लस शक्य आहे का? २००७ मध्ये नेपाळच्या सैन्यातील सुमारे २००० जवानांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ती लस ९५ टक्के प्रभावी ठरली. तरीही ती बाजारात आली नाही. हा रोग प्रामुख्याने गढूळ पाणी पिणाऱ्या गरिबांचा आणि गरिबाच्या खिशात बहुराष्ट्रीय कंपनीला रस वाटेल असे काही नसते. पुढे चीनने स्वतःची लस तयार करून २०११ मध्ये तिला मान्यता दिली. ज्या देशाच्या साथींतून हा रोग जगाला कळला, त्या देशाने येथे मागे का राहावे, हा प्रश्न प्रत्येक स्वाभिमानी भारतीयाला टोचला पाहिजे.

याच देशाने दुसऱ्या लसीच्या बाबतीत काय करून दाखवले, तेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिपॅटायटिस 'बी'ची आयात लस १९९०च्या दशकात सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. व्यवसायाने अभियंता असलेल्या वरप्रसाद रेड्डी यांनी १९९३ मध्ये हैदराबाद येथे शांता बायोटेक्निक्स सुरू केली आणि १९९७ मध्ये 'शानव्हॅक-बी' ही स्वदेशी लस बाजारात आणली. शेकडो रुपयांची मात्रा पन्नास रुपयांच्या घरात आली. नंतर इतर भारतीय कंपन्या उतरल्या, किमती आणखी घसरल्या आणि २०११ पर्यंत ही लस देशभरातील सार्वत्रिक लसीकरणात समाविष्ट झाली. पुढे शांता बायोटेक्निक्सच परदेशी मालकीत गेली, ही त्या कथेची खंत. स्वदेशी उद्योग उभारणे जितके अवघड, तितकेच तो टिकवून धरणे अवघड.

वनौषधींची सत्त्वपरीक्षा

आता थोडे अप्रिय, पण आवश्यक. यकृतासाठी कुटकी, भुईआवळी, गुळवेल ही नावे मराठी घरांत परंपरेने चालत आली आहेत. त्यांचे पुढे काय झाले?

कुटकीवर मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. काविळीच्या ३३ रुग्णांपैकी काहींना कुटकीचे चूर्ण आणि काहींना तसेच दिसणारे निरुपद्रवी चूर्ण दिले गेले. कोणाला काय दिले, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. कुटकी घेतलेल्यांची कावीळ लवकर उतरली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही कुटकीतील घटक वेगळे करून प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यांत यकृताचे संरक्षण होत असल्याचे आढळले. ही अभिमानाची गोष्ट. पण ३३ रुग्ण म्हणजे आरंभ, सिद्धता नव्हे. त्यापुढे हजारो रुग्णांवरचे अभ्यास व्हायला हवे होते. समाजाने कुटकीचा जयजयकार केला, पण त्या अभ्यासांसाठी आग्रह धरला नाही.

भुईआवळीची कथा अधिक बोलकी आहे. मद्रासचे डॉ. त्यागराजन आणि नोबेल पारितोषिकविजेते डॉ. ब्लुमबर्ग यांनी १९८८ मध्ये जाहीर केले की, हिपॅटायटिस 'बी'चा विषाणू बाळगणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून त्याची खूण भुईआवळीने नाहीशी झाली. देशभर आनंद झाला. नंतर इतरत्र केलेल्या अभ्यासांत मात्र तसे यश मिळाले नाही. पहिल्या बातमीची कात्रणे आजही पुढे सरकवली जातात. दुसरी कोणी वाचत नाही.

गुळवेलीचे प्रकरण अगदी अलीकडचे. करोनाच्या काळात घरोघरी तिचा काढा सुरू झाला. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची खातरजमा झालेली नव्हती. आक्षेप रास्त होता. त्यानंतर २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अहवाल आला आणि प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती असलेल्यांना धोका अधिक असावा, असे त्यातून सूचित झाले. अशा वेळी दोन प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणते, 'आयुर्वेद म्हणजे थोतांड.' दुसरी म्हणते, 'हे आयुर्वेदाविरुद्धचे षड्यंत्र.' दोन्ही सोप्या आहेत आणि दोन्हींत अभ्यासाचे कष्ट वाचतात. तिसरा मार्ग अवघड आहे : कोणत्या रुग्णाला, कोणत्या मात्रेत, किती दिवस आणि कोणाला मुळीच नाही, हे शोधून काढणे. शास्त्रशुद्ध आयुर्वेद प्रकृती, मात्रा आणि काल पाहिल्यावाचून औषध देत नाही. शेजाऱ्याने सांगितले म्हणून सहा महिने काढा पिणे हा आयुर्वेद नाही. ती आयुर्वेदाच्या नावावर खपणारी बेफिकिरी आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

राष्ट्रभक्ती प्रयोगशाळेच्या दारात थांबत नाही, तेथे ती अधिक कठोर होते. पुण्यातील संशोधकांनी मातांना 'तुमचे भांडे तपासू' असे म्हटले नसते आणि त्या मातांनी मोकळेपणाने उत्तरे दिली नसती, तर आणखी किती पाळणे रिकामे झाले असते! स्वतःच्या घराला प्रश्न विचारण्याचे धैर्य हाच खरा स्वाभिमान. दुसऱ्याने विचारण्यापूर्वी आपणच विचारलेला प्रश्न अपमान ठरत नाही, तो पुरुषार्थ ठरतो.

सेवावस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना यातून करण्याजोगे बरेच आहे. नवजात बाळाला चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस 'बी'ची लस मिळाली का, हे प्रत्येक बाळंतिणीच्या घरी विचारता येईल. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा आग्रह धरता येईल. पावसाळ्यात वस्तीतील पाण्याची नळवाहिनी गटारातून जाते का, हे पाहून नगरपालिकेच्या मागे लागता येईल आणि गर्भवतीला उकळलेलेच पाणी मिळेल, असे पाहता येईल. काविळीच्या रुग्णाला उतारा आणि माळेवर विसंबून न ठेवता रक्ततपासणीसाठी नेता येईल. तो काढा किंवा चूर्ण घेत असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये, हे त्याला समजावता येईल.

मध्यमवर्गीय कुटुंबांपुढचा प्रश्न याहून मोठा आहे. घरातील हुशार मुलाने वैद्यकीय पदवी घ्यावी, दवाखाना टाकावा, जमल्यास परदेशी जावे, ही स्वप्ने रूढ झाली आहेत. त्याने पंचवीस वर्षांपूर्वीचे रक्तनमुने जपत एखाद्या सरकारी संस्थेत विषाणूचा माग काढावा, असे स्वप्न किती घरांत पाहिले जाते? मंदिराच्या कळसासाठी सढळ हाताने देणगी देणारा समाज एखाद्या संशोधनवृत्तीसाठी खिशात हात घालतो का?

पितळेचे भांडे वाईट नव्हते. कल्हई उडाल्यावरही ते तसेच चुलीवर चढवत राहणे वाईट होते. परंपरेचेही तसेच आहे. ती टाकून देण्याची वस्तू नाही. पण तिला पिढीगणिक नवी कल्हई लागते. एके काळी ती हाक देत दारात येत असे. आता ती प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात, आपल्याच मुलामुलींच्या हातून चढवावी लागणार आहे.